त्रेचाळीस फूट

जेवणं झाली की हौसा मोबाईल
तांब्याला टेकवून उभा करते.
पोरानं पुण्याहून पासवर्ड दिलाय, वर ताकीद :
"आई, हा माहितीपट बघाच. घरातला पसारा कमी होईल."

पडद्यावर एक गोरा बाप्या.
पांढरी खोली, एक खुर्ची, एक कप,
खिडकीत उगाच एक रोप.
म्हणतो, सगळं काढून टाकलं, आता श्वास मोकळा येतो.
हौसा चष्मा सारखा करून खुर्चीच बघते :
"सागवानी हाय. लई महाग असंल."

मग तो कपाट उघडून दाखवतो :
चार सदरे, एकाच रंगाचे.
मी केएमटीत बत्तीस वर्षं खाकी घातली,
माझ्यावर कुणी पिक्चर काढला नाही.

"पर टाकलं म्हणजे कुठं टाकलं?"
हौसाचा प्रश्न.
त्या भागात उत्तर नव्हतं.
दुसऱ्या रात्रीच्या भागात होतं :
कुठल्याशा वाळवंटात कपड्यांचा डोंगर,
न वापरलेले, किमतीच्या चिठ्ठ्या लोंबणारे.
वारा सुटला की हजार बाह्या हलायच्या.

हौसा बोलायची थांबली.
दिवाळीला गांधीनगरातनं आणलेल्या पाच साड्यांतल्या
तीन अजून पिशवीतच आहेत.

हा डोंगर आम्ही बघितला होता.
सुतारवाड्याच्या तोंडाला, पाणी उतरल्यावर.
गाद्या, मिक्सर, दप्तरं, फुगून दारं न मिटणारी कपाटं,
इलाही मुल्लाणींचा नवा सोफा, प्लॅस्टिकसकट.
सहा महिने त्यावर कुणाला टेकू दिलं नव्हतं.
सगळ्याचा रंग एकच.
जेसीबीनं चार खेपांत गल्ली मोकळी केली.
श्वास मात्र कुणाला मोकळा आला नाही.

अकरा दिवस मठाच्या हॉलमध्ये होतो,
एक पिशवी घेऊन :
रेशनकार्ड, माझ्या बीपीच्या गोळ्या, तिच्या दोन साड्या,
आणि का उचलला तिलाच ठाऊक,
खलबत्त्यातला नुसता बत्ता.
खल राहिला पाण्याखाली.

परत आलो तेव्हा तो होता तिथंच होता,
काठोकाठ चिखल भरून.
धुतला, झालं.
बाकी सगळं हप्त्यानं पुन्हा आणलं,
आधीपेक्षा थोडं मोठंच.

सोडणं वेगळं, सुटणं वेगळं.
त्या बाप्यानं सोडलं,
आमच्या हातातनं सुटलं,
आणि एकदा सुटलेलं माणूस
दुप्पट जोरानं धरतं.
म्हणून तर हा दोन दारांचा फ्रीज.
म्हणून तर बारा ग्लासांचा लेमन सेट
माळ्यावर, खोक्यात, पाहुण्यांसाठी,
जे येतात आणि फुलपात्रातनं पाणी पिऊन जातात.

तो बाप्या वस्तू हातात धरून
स्वतःला विचारतो, ही मला लागते का?
आमच्याकडं हे विचारायला नदी येते.
राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फूट म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका.

काल मीच विचारलं,
मार्चचं कडक ऊन, नदी कुठंतरी तळाशी :
"हौसा, त्रेचाळीसला काय उचलशील?"

नावातच हौस असलेली बाई
घरभर हिंडली.
फ्रीजवर हात ठेवला, काढला.
पिशवीतल्या एका साडीची घडी मोडली
आणि नेसून आली, सोमवारी, काही कारण नसताना.
मग स्टुलावर चढून लेमन सेट उतरवला.
एक ग्लास खोक्यातच फुटलेला निघाला,
कधी फुटला देव जाणे.
राहिलेल्या अकरांतल्या दोनात तिनं ताक ओतलं.
"तुमी काय उचलशीला?"
मला सांगता येईना. मी ताक प्यालो.

टाकलं अजून काहीच नाही.
रात्री पोराचा फोन : झाला का पसारा कमी?
"बघाय लागलोय," हौसा म्हणाली,
फोन खांद्यात धरून
खलात लसूण टाकला
आणि बत्ता उचलला.